ड्रॅगन कुणाच्या हद्दीत?

१९७४ साली अमेरिकेत दोन गोष्टी घडल्या आणि त्यांचा एकमेकींशी काडीचाही संबंध नव्हता. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा या लहानशा गावातून बाहेर पडला. काल्पनिक जगातलं एखादं पात्र होऊन खेळायच्या रोलप्लेइंग खेळांची परंपरा तिथून सुरू झाली. त्याच वर्षी एलिझाबेथ ब्राउन या इतिहासकार विदुषींनी एका संशोधन-पत्रिकेत लेख लिहून ‘फ्यूडलिझम’ या शब्दावरच हल्ला चढवला. ही चौकट मध्ययुगातल्या माणसांची नाही, पुढच्या शतकांतल्या कायदेपंडितांनी ती मागाहून बांधली आणि तिच्यामुळे प्रत्यक्ष कागदपत्रं नीट वाचली जात नाहीत, असं त्यांचं म्हणणं होतं. वीस वर्षांनी, १९९४ मध्ये, सुझन रेनॉल्ड्स यांनी अख्खा ग्रंथ लिहून हा मुद्दा पुढे नेला. वर राजा, त्याखाली उमराव, त्याखाली सरदार आणि तळाशी शेतकरी हा शाळेच्या पुस्तकातला पिरॅमिड अभ्यासकांनी असा मोडीत काढला. खेळांच्या पुस्तकांत मात्र तो अजून शाबूत आहे. मध्ययुगीन युरोपवरून स्फुरलेलं काल्पनिक जग बेगडी वाटतं, त्याचं कारण मला या पिरॅमिडमध्ये दिसतं. किल्ले, चिलखतं आणि ध्वज उचलले जातात. ज्यातून गोष्टी जन्माला येतात तो हक्कांचा गुंता मागेच राहतो.

मराठी वाचकाला हे समजायला एक अडचण आहे आणि एक सोयही. अडचण शब्दाची. फ्यूडलिझमला आपण ‘सरंजामशाही’ म्हणतो. पण मराठा राज्यातला सरंजाम म्हणजे फौज बाळगण्यासाठी लावून दिलेला महसूल. तत्त्वतः तो चाकरीपुरता होता, पिढीजात नव्हता. पश्चिम युरोपातल्या जहागिरीचा पाया वेगळा होता. तिथे मांडलिक धन्याच्या हातात हात देऊन शपथ घेई आणि त्या शपथेने धनीही बांधला जाई. सोय अशी की वतनाचे तंटे आपल्या इतिहासात पानोपानी आहेत. एकाच गावावर अनेकांचे वेगवेगळे हक्क असू शकतात आणि प्रत्येक जण आपल्या कागदावर बोट ठेवून भांडू शकतो, हे आपल्याला मुद्दाम शिकवावं लागत नाही. मध्ययुगीन युरोप वाचताना ‘सरंजामशाही’ हा शब्द बाजूला ठेवून वतनाच्या तंट्यांची आठवण जवळ ठेवली, तर बरंच काही उलगडतं.

तेराव्या शतकातल्या टूलच्या जाँ नावाच्या सरदाराचा शपथेचा कागद या बाबतीत नमुनेदार आहे. त्र्वाची काउंटेस आणि तिचा मुलगा, शाम्पेनचा काउंट, यांचा आपण एकनिष्ठ मांडलिक आहोत, असं तो लिहून देतो. पण आणखी तीन धन्यांना आधी दिलेला शब्द राखून. त्या तिघांपैकी एक ग्राँप्रेचा काउंट. हा काउंट स्वतःच्या भांडणासाठी शाम्पेनशी लढला, तर जाँ जातीने त्याच्या बाजूने उभा राहणार आणि जहागिरीपोटी देणं असलेले सरदार शाम्पेनकडे पाठवणार. पण ग्राँप्रेचा काउंट मित्रांच्या भांडणात पडून शाम्पेनवर चालून गेला, तर जाँ स्वतः शाम्पेनकडून लढणार आणि ग्राँप्रेला एक सरदार धाडणार. म्हणजे दोन्ही वेळी त्याची माणसं दोन्ही फौजांत असणार. ही लबाडी नव्हती, प्रामाणिकपणा होता. शब्द पाळायचाच, म्हणून त्याने दिलेल्या शब्दांची उतरंड लिहून ठेवली. हाच पेच राजांनाही चुकला नाही. इंग्लंडचा राजा आपल्या देशात कुणाचाही मांडलिक नव्हता, पण अॅक्विटेनचा ड्यूक म्हणून तो फ्रान्सच्या राजाचा मांडलिक होता. १३३७ मध्ये फ्रान्सच्या सहाव्या फिलिपने ती जहागीर जप्त केली आणि शंभर वर्षांच्या युद्धाला तोंड फुटलं.

हद्दींचा असाच गुंता शहरांत होता. १२२९ मध्ये पॅरिसच्या एका उपनगरातल्या दारूगुत्त्यात विद्यार्थ्यांचं बिलावरून भांडण झालं. मार खाल्लेले विद्यार्थी दुसऱ्या दिवशी सोटे घेऊन परतले आणि त्यांनी धुडगूस घातला. राजमाता ब्लांशच्या हुकमाने शिपायांनी केलेल्या कारवाईत काही विद्यार्थी मारले गेले. पण विद्यार्थी हे धर्मसंस्थेच्या कक्षेतले. राजाच्या शिपायांना त्यांच्यावर हात टाकायचा अधिकारच नाही, असा गुरुजनांचा दावा होता. त्यांनी पाठ बंद केले आणि पॅरिस सोडलं. दोन वर्षांनी, १२३१ मध्ये, पोप नवव्या ग्रेगरीने पाठ बंद ठेवण्याचा त्यांचा हक्कच मान्य केला. इंग्लंडमध्ये गुन्हेगाराने चर्चचा आसरा घेतला की चाळीस दिवस त्याला कुणी ओढून बाहेर काढू शकत नसे. तेवढ्या मुदतीत गुन्हा कबूल करून देश सोडण्याची शपथ घेतली, तर नेमून दिलेल्या बंदराकडे तो राजमार्गाने चालू लागे. जर्मन प्रदेशातल्या अनेक शहरांत पळून आलेला भूदास एक वर्ष आणि एक दिवस टिकला की मुक्त होई. १२२६ पासून थेट सम्राटाखाली असलेलं ल्यूबेक तर हान्सा व्यापारी शहरांचं पुढारपण करत होतं. याच शहरांनी १३७० मध्ये डेन्मार्कच्या राजाला स्वतःच्या अटींवर तह करायला लावलं. पिरॅमिडमध्ये ही शहरं, हे गुरुजन आणि चर्चच्या आसऱ्यातला तो गुन्हेगार कुठे बसवायचा?

जुन्या खेळांच्या नियमांशी हे ताडून पाहावं. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या सुरुवातीच्या रूपात पुरेसा वर चढलेला योद्धा रानातले राक्षस मारून प्रदेश मोकळा करतो, गढी उभारतो आणि कर गोळा करू लागतो. ही कल्पना अमेरिकेच्या सरहद्दीवरच्या वसाहतीला अधिक जवळची आहे. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये भिंतीवर चर्या उभारायच्या तर राजाचा परवाना घेण्याची रीत होती. जमीन मोकळी सापडतच नव्हती. तिच्यावर कुणाचा चराईचा हक्क, कुणाचा लाकूडफाट्याचा, कुणाचा धान्यातल्या दशांशाचा. याला अपवाद असलेले खेळही आहेत. १९८७ च्या ‘आर्स मॅजिका’ने तेराव्या शतकातला युरोपच घेतला आणि जादूगारांना त्यांची कायदेसंहिता, न्यायसभा आणि बाहेरच्या जगाशी वागण्याचे निर्बंध दिले. त्यातल्या जादूगाराची ताकद मोठी आहे, पण त्याच्यात रंग भरतो तो या बंधनांमुळे.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. ज्या जगात ड्रॅगन उडतात, तिथे ऐतिहासिक अचूकतेचा हट्ट कशाला? हट्ट अचूकतेचा नाहीच, कार्यकारणाचा आहे. १३४७ मध्ये युरोपात शिरलेल्या प्लेगने एवढी माणसं नेली की मजूर मिळेनासे झाले. मजुरी वाढली. १३५१ मध्ये इंग्लंडच्या संसदेने कायदा करून ती जुन्या दरावर बांधायचा प्रयत्न केला आणि ती चीड १३८१ च्या उठावात फुटली. आता पुरोहिताच्या हस्तस्पर्शाने रोग बरा होतो असं जग कल्पायचं असेल, तर ही साखळी तुटते. शेतकऱ्याच्या हातात घासाघीस करण्याचं ते बळ येत नाही आणि मठाच्या हातात मात्र जीवनमरणाची किल्ली जाते. असा विचार करणारा लेखक इतिहासापासून दूर जातो, तरी इतिहासाने शिकवलेली विचार करण्याची रीत त्याने सोडलेली नसते.

दुसरा आक्षेप खेळाडूंच्या बाजूचा आहे. लोक संध्याकाळी चार तास मजा करायला बसतात. त्यांच्यापुढे जहागिरीचे कागद कोण वाचणार? वाचूच नयेत. हे सारं जग एका बैठकीत मांडायचं नसतं, एक नियम पुरतो. पळालेल्या भूदासाच्या मुदतीतले तीन दिवस उरलेत आणि जुन्या धन्याची माणसं वेशीपाशी आलीत, एवढं सांगितलं की टेबलाभोवतीच्या प्रत्येकाला पणाला काय लागलंय ते कळतं. तलवारींच्या वजनांचे तक्ते याहून कितीतरी कंटाळवाणे असतात.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. ‘मध्ययुग असंच होतं’ म्हणत काही जण स्त्रियांना आणि परधर्मीयांना काल्पनिक जगातून हद्दपार करतात. मग इतिहासाचा आधार घेणं म्हणजे त्यांच्या हाती दंडुका देणं नव्हे का? याला कागदपत्रंच उत्तर देतात. एतिएन बुआलोने १२६८ च्या सुमारास पॅरिसच्या धंद्यांचे नियम लिहून काढले, त्यांत रेशमी धागा कातणाऱ्या स्त्रियांच्या स्वतंत्र संघांचे नियम आहेत. सिसिलीत दुसऱ्या रॉजरच्या दरबाराचे कागद लॅटिन, ग्रीक आणि अरबी अशा तीन भाषांत निघत आणि त्याच्याच आश्रयाने अल-इद्रिसीने ११५४ मध्ये जगाचा नकाशा आणि भूगोलग्रंथ सिद्ध केला. भारतात जन्मलेले आणि अरबांनी पुढे नेलेले अंक फिबोनाचीने १२०२ च्या आपल्या ग्रंथातून इटलीच्या व्यापाऱ्यांपुढे ठेवले. एकरंगी मध्ययुग अज्ञानातून येतं आणि ते घालवायला इतिहासाइतकं उपयोगी दुसरं काही नाही.

म्हणून असं जग रचणाऱ्याने पर्वतरांगा आणि राजवंशावळी काढण्याआधी एक गाव घ्यावं. गावची जमीन एका काउंटची, दशांश मठाचा, गिरणी शेजारच्या सरदाराची आणि बाजाराचा हक्क नदीपलीकडच्या शहराचा. मग गावाच्या डोंगरात ड्रॅगन येऊन बसू द्यावा. त्याला मारणं कुणाचं कर्तव्य? काउंटचं, तर तो सध्या दुसऱ्या धन्याच्या लढाईत आहे. मठाचं, तर भिक्षूंना शस्त्र धरण्याची बंदी आहे. शहराची फौज आली, तर ती परत जाईल याची हमी कोण देणार? आणि गुहेतलं सोनं हाती लागलं, तर ते कुणाचं? टूलच्या जाँने आपला कागद लिहिताना असेच प्रश्न आधी ओळखले होते. खेळाडूंची टोळी अशा गावात शिरली की तलवार उपसण्याआधी तिला कुणाची तरी बाजू घ्यावी लागते, आणि ते ठरवताना होणाऱ्या वादातूनच ते जग खरं वाटू लागतं.