राखीव खुर्चीचं माहेर

19 डिसेंबर 1946 रोजी दिल्लीत संविधान सभेपुढे हंसा मेहता बोलायला उभ्या राहिल्या. त्या मुंबईतून निवडून आलेल्या आणि अखिल भारतीय महिला परिषदेच्या पुढारी. त्यांनी सभागृहाला बजावलं, की आमच्या संघटनेनं राखीव जागा, कोटा किंवा वेगळे मतदारसंघ कधीच मागितलेले नाहीत. आम्हाला सामाजिक, आर्थिक आणि राजकीय न्याय हवा आहे. पुढच्या वर्षी रेणुका रे यांनीही राखीव जागांना तिथेच विरोध केला. आज गावोगाव ‘सर्वसाधारण महिला’ अशी पाटी लागलेली जी खुर्ची दिसते, तिच्या कुळाचा शोध घ्यायला गेलं की पहिल्या पानावर बायकांचाच ठाम नकार सापडतो.

नकाराला कारण होतं. 1931 सालीच महिला संघटनांनी इंग्रज सरकारला कळवलं होतं, की सगळ्या प्रौढांना मताचा हक्क द्या, आम्ही निवडून येऊ. सरकारनं ते ऐकलं नाही. 1935 च्या कायद्यानं प्रांतिक विधिमंडळांत बायकांसाठी 41 जागा राखून ठेवल्या, पण त्या धर्मवार वाटून. म्हणजे बाई आधी हिंदू किंवा मुसलमान आणि मग बाई. हे या संघटनांना मान्य होणं शक्यच नव्हतं. शिवाय स्वातंत्र्याच्या चळवळीत त्यांनी लाठ्या खाल्ल्या होत्या, तुरुंग भोगले होते. आता दार उघडं आहे, आत जायला कुणाची शिफारस कशाला, असं त्यांना वाटलं तर त्यात नवल नाही.

दार उघडं नव्हतं, हे कळायला पंचवीस वर्षं लागली.

त्या पंचवीस वर्षांत गावपातळीवर बायकांसाठी जी सोय झाली, ती फार तर पाहुण्यासारखी होती. 1957 मध्ये बळवंतराय मेहता समितीनं सुचवलं, की पंचायत समितीवर महिला आणि बालकांच्या कामात रस असलेल्या दोन बायका स्वीकृत सदस्य म्हणून घ्याव्यात. घ्यायच्या कुणी, तर निवडून आलेल्या पुरुषांनी. बहुतेक ठिकाणी पाटलांची सून किंवा सभापतींची भावजय यादीत यायची, आणि सभेचं इतिवृत्त सहीसाठी तिच्या घरी पाठवलं जायचं. अपवाद होते. बारामती तालुक्यातल्या निंबुतमध्ये 1963 ते 1968 या काळात सगळी ग्रामपंचायतच बायकांची होती. पण अपवादातून धोरण होत नसतं. निंबुतची गोष्ट निंबुतपुरतीच राहिली.

खरी कलाटणी एका सरकारी अहवालानं दिली. सरकारी अहवालाबद्दल असं लिहायची वेळ क्वचित येते. संयुक्त राष्ट्रांनी देशोदेशींकडून बायकांच्या स्थितीची माहिती मागवली होती, आणि भारत सरकारनं 1971 मध्ये त्यासाठी समिती नेमली. अध्यक्ष फुलरेणू गुहा, सदस्य-सचिव राज्यशास्त्राच्या अभ्यासक वीणा मजुमदार, सदस्यांत दिल्ली विद्यापीठातल्या कायद्याच्या प्राध्यापक लोतिका सरकार आणि मुंबईच्या कामगार पुढारी मणिबेन कारा. समिती राज्याराज्यांत फिरली. तिला जे दिसलं त्यानं सदस्यच हादरले. 1901 मध्ये दर हजार पुरुषांमागे 972 बायका होत्या, 1971 मध्ये 930 उरल्या होत्या. शेतीत आणि उद्योगात बायकांचा वाटा घटत होता. घटनेतली समता वाड्यावस्त्यांपर्यंत पोचलीच नव्हती. 1974 च्या अखेरीस अहवाल सादर झाला, ‘समतेकडे’ या अर्थाच्या इंग्रजी नावानं.

राखीव जागांवर समितीत जो वाद झाला, तो मला या सगळ्या कथेचा गाभा वाटतो. विधानसभा आणि लोकसभेत राखीव जागा नकोत, असं बहुमत म्हणालं. बायका हा काही वेगळा समाज नव्हे, त्यांना वेगळं काढलं तर त्या एकाकी पडतील, हा जुनाच युक्तिवाद. मजुमदार आणि सरकार यांनी मात्र भिन्नमतपत्रिका जोडली. शिकलेल्या, स्वतंत्र भारतात नोकरी मिळालेल्या, घटनेचा फायदा झालेल्या बायकांची ही पिढी. आपल्याला मिळालं म्हणजे सगळ्यांना मिळालं, हा समज गावं पाहिल्यावर टिकला नाही, असं मजुमदार पुढे अनेकदा सांगत. हंसा मेहतांचा नकार आणि या दोघींचा होकार यांच्यामध्ये उभी आहे ती ही पाहणी. तत्त्व बदललं नव्हतं, माहिती बदलली होती.

बहुमतानं गावासाठी एक वेगळी सूचना केली होती: प्रत्येक गावात कायद्यानं बायकांची स्वतंत्र पंचायत असावी, स्वतःच्या पैशांसह. ती कुणी अमलात आणली नाही. महाराष्ट्रात पुढे ग्रामसभेआधी महिलांची सभा घेण्याची तरतूद कायद्यात आली, ती या सूचनेची दूरची नात म्हणता येईल. मात्र आजी पैसे मागत होती आणि नातीच्या हाती फक्त ठराव आहेत. कित्येक गावांत तेही नाहीत. सभा न भरताच रजिस्टर घरोघर फिरतं.

दिल्लीत हा अहवाल तयार होत असताना मुंबईच्या रस्त्यांवर मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या पाठोपाठ हजारो बायका महागाईविरुद्ध लाटणी घेऊन उतरत होत्या. 1974 मध्येच नीरा देसाईंनी एसएनडीटी विद्यापीठात स्त्री-अभ्यासाचं केंद्र सुरू केलं, आणि 1981 मध्ये स्त्री-अभ्यासाची पहिली राष्ट्रीय परिषद तिथेच भरली. अभ्यास आणि मोर्चा यांच्यातली ये-जा तेव्हा आजच्यापेक्षा सोपी होती.

तरीही खुर्ची गावात आली ती विद्यापीठातून नव्हे. 9 आणि 10 नोव्हेंबर 1986 रोजी नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन भरलं. शेतकरी संघटनेनं बोलावलेलं. कांदा, कापूस आणि ऊस पिकवणाऱ्या घरांतल्या लाखो बायका आल्या. संघटनेचे नेते शरद जोशी यांनी त्यासाठी लिहिलेली पुस्तिका ‘चांदवडची शिदोरी’ गावोगाव वाचली गेली. तिथे ठरलं, की पंचायत राज्याच्या निवडणुकांत पूर्ण बायकांचं पॅनल उभं करायचं. तीस टक्के नाही, निम्मं नाही, सगळंच्या सगळं. पण जिल्हा परिषदांच्या निवडणुका 1979 नंतर जे लांबल्या ते थेट 1992 पर्यंत. 1989 मध्ये ग्रामपंचायतींच्या निवडणुका लागल्या, तेव्हा जळगाव जिल्ह्यातल्या विटनेर आणि यवतमाळ जिल्ह्यातल्या मेटीखेड्यासारख्या गावांत बायकांची पॅनलं निवडून आली. विटनेरला शंभराहून अधिक घरांत पुरुषांनी जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे केला, संघटनेच्या ‘लक्ष्मीमुक्ती’ मोहिमेत. सत्ता आणि सातबारा एकाच वेळी, हे चांदवडचं खरं वैशिष्ट्य. पुढच्या कायद्यांनी त्यातली सत्ता तेवढी उचलली.

सरकारंही आता हलली होती. कर्नाटकानं 1983 च्या कायद्यात एक चतुर्थांश जागा राखून 1987 मध्ये निवडणुका घेतल्याच होत्या. 1988 च्या महिलांविषयीच्या राष्ट्रीय आराखड्यानं तीस टक्के सुचवले, राजीव गांधींचं पंचायतींविषयीचं विधेयक 1989 मध्ये राज्यसभेत पडलं, महाराष्ट्रानं 1990 मध्ये शरद पवार मुख्यमंत्री असताना स्थानिक संस्थांत तीस टक्के जागा राखल्या, आणि 1992 च्या निवडणुका त्यानुसार झाल्या. त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती त्यानंतरची. 24 एप्रिल 1993 पासून देशभर किमान एक तृतीयांश जागा, आणि तितकीच अध्यक्षपदं, बायकांची झाली. 2011 मध्ये महाराष्ट्रानं हे प्रमाण निम्म्यावर नेलं.

मग काय झालं, हे सगळ्यांना ठाऊक असल्यासारखं बोललं जातं. सरपंचपती, झेंड्यापुरती बाई, सहीपुरती बाई. हे खोटं नाही. पण पुण्याच्या ‘आलोचना’ संस्थेनं महाराष्ट्रातल्या पूर्ण बायकांच्या पंचायतींचा अभ्यास केला आणि बिशाखा दत्ता यांनी संपादित केलेलं त्याचं पुस्तक 1998 मध्ये आलं, तेव्हा त्याच्या इंग्रजी नावातच गावकऱ्यांचा खरा प्रश्न होता: आणि चपात्या कोण लाटणार? बाईला कारभार येतो की नाही, ही शंका त्यापुढे दुय्यम होती. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांनी पश्चिम बंगालमधल्या बीरभूममध्ये आणि राजस्थानातल्या उदयपूरमध्ये पाहणी केली. 2004 मध्ये छापलेला निष्कर्ष असा, की अध्यक्षपद राखीव असलेल्या पंचायतींनी पिण्याच्या पाण्यावर अधिक खर्च केला, कारण गावातल्या बायकांची मागणी ती होती. कोणती पंचायत राखीव होणार, हे योगायोगानं ठरत असल्यामुळेच ही तुलना करता आली.

पण संशोधकाच्या सोयीचा योगायोग सरपंचबाईच्या मुळावर येतो. सोडतीत चिठ्ठी निघते, पाच वर्षं खुर्ची मिळते, पुढच्या सोडतीत ती दुसऱ्या गावाला जाते. बँकेचे व्यवहार, ग्रामसेवकाच्या खुब्या, तालुक्याच्या कचेरीतली माणसं कळेकळेपर्यंत मुदत संपते. खुल्या जागेवरून पुन्हा उभं राहायला पॅनलवाले तयार नसतात. इतक्या वर्षांचा वाद निम्म्या की तृतीयांश यावर झाला, आणि खुर्ची किती वर्षं एका जागी राहावी हा प्रश्न मागे पडला. मला तो अधिक महत्त्वाचा वाटतो.

तो प्रश्न सर्वांत जाहीरपणे, आणि सर्वांत एकाकीपणे, मांडला गेला 9 मार्च 2010 रोजी. लोकसभा आणि विधानसभांत एक तृतीयांश जागा राखणारं विधेयक त्या दिवशी राज्यसभेत 186 विरुद्ध 1 मतानं मंजूर झालं. विरोधातलं ते एक मत होतं शरद जोशींचं. चांदवडला सगळंच्या सगळं पॅनल बायकांचं करायला निघालेला माणूस एकटाच विरोधात उभा राहिला, याची तेव्हा टवाळीही झाली. त्यांचा आक्षेप बायकांना नव्हता, फिरत्या मतदारसंघांना होता: निवडून आलेल्या बाईला आपला मतदारसंघ बांधताच येणार नाही, असं ते म्हणत. ते विधेयक लोकसभेत कधी आलंच नाही.

2023 मध्ये याच जागांसाठी एकशे सहावी घटनादुरुस्ती झाली. तिच्यात राखीव जागांचं फिरणं दर निवडणुकीला नसून मतदारसंघांच्या दर पुनर्रचनेनंतर आहे. या वेळी राज्यसभेत विरोधात एकही मत पडलं नाही.