माळशिरसची बाभूळ व वैद्यकी बाडांतील ‘साल’

मोडी बाडें चाळणारास ‘साल’ हा शब्द दोन अर्थांनीं भेटतो: एक वर्ष, दुसरा झाडाची त्वचा. पहिल्या सालाची चिकित्सा आपण मित्यंतरें करून कसून करितों. दुसरीस मात्र वैद्यांकडे सोडून देतों. वैद्यकी टिपण छापतांना औषधाचें नांव ठेवून वजनमाप गाळणें आम्हांस म्हणूनच घातक वाटतें.

माळशिरस तालुक्याच्या उत्तरेस वाहणाऱ्या नीरेकांठची काळी जमीन बाभळीस मानवते. या झाडाच्या सालींत टॅनिन शेंकडा १२ ते २० असतें. कातडीं कमावणाराच्या कुंडांत आणि वैद्याच्या काढ्यांत तीच साल पडे, व कारणहि एकच. टॅनिन प्रथिनांस घट्ट धरतें. त्यामुळें कातडें कुजत नाहीं, सुजलेल्या हिरड्या आकसतात व कित्येक जंतूंची वाढ खुंटते. याच वर्गांतील द्रव्यें ऑक्सिडीकरणास अटकाव करितात, असेंहि प्रयोगशाळांतून दिसून आलें आहे.

तथापि एवढ्यावरून जुना काढा गुणकारी ठरला असें म्हणणें उतावळेपणाचें होय. कांचनळींत जंतु मरणें निराळें, रोगी बरा होणें निराळें. शिवाय प्रयोगशाळेंतील अर्क पुष्कळदां मद्यार्कांत किंवा ॲसिटोनांत काढितात. बाडांतला काढा पाण्याचा. शार्ङ्गधर एक पल औषधास सोळापट पाणी घालून अष्टमांश उरवावयास सांगतो. पल चार तोळ्यांचें धरल्यास ६४ तोळे पाणी आटून ८ तोळे राहावें. मोडींत पाव दाखविणारा एक उभा दंड नकलकाराच्या हातून गळला, तर औषधच बदललें! तुलना करावयाची ती कशाशीं?

झाडांच्या नांवांतहि असाच घोळ आहे. पंचवल्कलांत वड, उंबर, पिंपळ, पारीष व प्लक्ष यांच्या साली येतात. पण पारीषाऐवजीं कोणी शिरीष, कोणी वेतस घेतात, असें भावप्रकाशांतच नमूद आहे. वैद्य हाताशीं असलेलें झाड घेई. तेव्हां झाड ठरविण्याआधीं गांव ठरलें पाहिजे, आणि माळशिरस तर दोन आहेत: एक सोलापुराकडील तालुक्याचें, दुसरें पुरंदरांतील, भुलेश्वरापाशींचें. नीरेचा उल्लेख येथें निर्णायक नव्हे, कारण ती पुरंदराच्या सीमेवरूनहि वाहते. अकलूज, वेळापूर हीं नांवें त्याच बाडांत जवळपास आलीं, तरच तें टिपण सोलापुराकडील धरावें.