बरिंगाच्या ओसरीवरील छायाचित्र

बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याच्या खासगी मालकीच्या काँगोत १८९८ मध्ये ॲलिस सीली हॅरिस ही इंग्रज तरुणी दाखल झाली. सरकारी नोकरी सोडून, लग्नानंतर अवघ्या काही दिवसांत ती नवऱ्यासह मिशनच्या कामासाठी निघाली होती. तिथे गावकऱ्यांनी ठरलेले रबर भरले नाही तर रबर कंपनीचे शिपाई गावेच्या गावे उद्ध्वस्त करीत; हात तोडणे नित्याचेच. मे १९०४ मध्ये न्साला नावाचा माणूस ॲलिसच्या बरिंगा येथील मिशनवर आला. पानांच्या पुडक्यात त्याच्या पाच वर्षांच्या मुलीचा हात आणि पाऊल होते. ॲलिसने त्याला ओसरीच्या कडेला बसवले, ते अवशेष पुढ्यात ठेवले आणि छायाचित्र घेतले. दृश्य मांडलेले आहे हे उघड दिसते. पुराव्याचे मोल त्याने घटत नाही.

त्याच वर्षी ब्रिटनमध्ये पत्रकार ई. डी. मोरेल यांच्या पुढाकाराने काँगो सुधारणा संघ स्थापन झाला. हॅरिस दांपत्याने मॅजिक लँटर्न या पडद्यावर चित्रे दाखवणाऱ्या यंत्राच्या साह्याने ब्रिटन-अमेरिकेतील सभांत अशी चित्रे दाखवली. मार्क ट्वेनच्या १९०५ च्या उपहासिकेत तर लिओपोल्ड कोडॅक कॅमेऱ्याच्याच नावाने खडे फोडतो. १९०८ मध्ये राजाला काँगो बेल्जियम सरकारच्या हवाली करावा लागला. सक्तीची मजुरी मात्र पुढेही चालूच राहिली.