मोठ्या खुकरीची घडण

खुकरी (मराठीत कुकरी असेही लिहितात) हे पुढे झुकलेल्या, बाकदार पात्याचे नेपाळी हत्यार होय. नेहमीच्या वापरातील खुकरीचे पाते साधारणपणे २५ ते ३० सेंटिमीटर लांब असते. दशैं सणातील बळीसाठी मात्र दोन्ही हातांनी धरावयाची, लांब मुठीची मोठी खुकरी घडवतात. तिचे पाते दीड फुटाहूनही लांब असू शकते. हे काम परंपरेने कामी (विश्वकर्मा) जातीचे लोहार करतात. पूर्व नेपाळातील भोजपूर हे या कारागिरीसाठी विशेष प्रसिद्ध आहे.

पोलाद

पूर्वी नेपाळातील खाणींचे लोखंड वापरले जाई. आता जुन्या मालमोटारींचे कमानपाटे हाच मुख्य कच्चा माल आहे. या पोलादात सुमारे ०.६ टक्के कार्बन असतो. त्यामुळे ते धार धरण्याइतके कठीण होऊ शकते, आणि मुळात धक्के सोसण्यासाठीच बनवलेले असल्याने चिवटही असते. भंगारातून उचललेला पाटा म्हणून त्यास हलके समजणे चूक ठरेल. मोठ्या पात्याला याहून सोयीचे पोलाद सहज मिळणार नाही.

ठोकाई

लोहाराच्या कामाच्या जागेस नेपाळीत ‘आरन’ म्हणतात. कोळशाच्या भट्टीत पाटा पिवळसर नारिंगी होईपर्यंत तापवतात आणि छन्नीने हवा तेवढा तुकडा तोडतात. मुख्य लोहार सांडशीने तो ऐरणीवर धरतो व हातोडीने ठोका कोठे हवा ते दाखवतो. समोरचे एक-दोघे पाळीपाळीने घण घालतात. मोठे पाते एका वेळी संपूर्ण तापवून घडवता येत नाही. ते टप्प्याटप्प्याने तापवावे लागते, आणि एक भाग ठोकताना आधी साधलेला भाग वाकणार नाही याकडे सतत लक्ष ठेवावे लागते.

येथे एक अडचण येते. धारेची बाजू ठोकून पातळ केली की ती लांबते आणि पाते पाठीच्या दिशेने वळू लागते. खुकरीचा बाक तर नेमका उलट, धारेच्या बाजूस हवा असतो. म्हणून लोहार सुरुवातीलाच पाटा गरजेपेक्षा अधिक वाकवून घेतो. पुढे धार पातळ होत जाते तसा बाक उलगडत योग्य मापावर येतो. हे माप कोणी कागदावर काढत नाही.

जड खुकरीत पाठ जाड ठेवून पात्याच्या दोन्ही अंगांना उभी खोलगट पन्हळ ठोकतात. या प्रकारास ‘अंगखोला’ म्हणतात. त्यामुळे बळकटी न घटता वजन कमी होते. मुठीलगत धारेत ‘काउडी’ नावाची खाच करतात. तिच्यासंबंधी त्रिशूळापासून गाईच्या खुरापर्यंत अनेक अर्थ सांगितले जातात. म्यानातून काढलेली खुकरी रक्त पाहिल्याशिवाय परत ठेवत नाहीत, ही समजूत मात्र निराधार आहे. लाकूड तोडणे आणि भाजी चिरणे हीच तिची रोजची कामे होत.

पाणी देणे

कानशीने आकार नीट केल्यावर पात्याला पाणी देतात. सर्व घडणीत हाच क्षण निर्णायक असतो. संपूर्ण तापलेले पाते पाण्यात बुडवले तर ते तडकण्याची किंवा पिळवटण्याची भीती असते. म्हणून कामी लोहार पाते लालबुंद करून चहाच्या किटलीच्या तोटीतून बारीक धारेने पाणी सोडतो, तेही केवळ धारेवर, पुढे-मागे फिरवीत. धार एकदम थंड होऊन कठीण बनते. पाठीत उरलेली उष्णता हळूहळू धारेकडे उतरते आणि तिचा ठिसूळपणा कमी करते. परिणामी धार कठीण व पाठ चिवट राहते. मोठ्या पात्यात सारी लांबी सारखीच तापलेली असावी लागते. एखादा भाग कमी तापला असेल, तर तेथे धार मऊ राहते आणि लाकडाच्या गाठीवर वळते. तापमानाचा अंदाज केवळ रंगावरून घ्यायचा असल्याने आरन अंधारी ठेवणे सोयीचे ठरते.

त्यानंतर पाते पुन्हा घासून उजळतात. म्हशीच्या शिंगाची किंवा लाकडाची मूठ (नेपाळीत ‘बिँड’) ‘लाहा’ या चिकट पदार्थाने घट्ट बसवतात. लाकडी म्यानावर (‘दाप’) चामडे चढवतात. हे काम परंपरेने सार्की जातीकडे असे.

कारागिरांची स्थिती

ग्रामीण नेपाळात लोहाराला कामाचा मोबदला वर्षाकाठी धान्याच्या रूपात मिळे. या ‘बालीघरे’ पद्धतीचे आपल्याकडील बलुत्याशी असलेले साम्य मराठी वाचकाच्या सहज ध्यानात येईल. १८५४ च्या मुलुकी ऐनने कामी जातीस अस्पृश्य ठरवले होते. ज्यांच्या किटलीतील पाण्याने खुकरीला धार येई, त्यांच्या हातचे पाणी उच्चवर्णीयांना चालत नसे. १९६३ च्या नव्या ऐनात या भेदाचा कायदेशीर आधार काढून घेण्यात आला. २०११ साली जातीय भेदभाव व अस्पृश्यतेविरुद्ध स्वतंत्र कायदा झाला आणि २०१५ च्या संविधानानेही अस्पृश्यतेस मनाई केली. तरीही दलित समाजांना भेदभावाचा अनुभव आजही येतो. गोरखा पलटणींच्या बिल्ल्यांवर खुकरी सन्मानाने झळकते. ती घडवणाऱ्याचे नाव मात्र पात्यावर क्वचितच असते.

आज अनेक कारखान्यांत भात्याऐवजी विजेचा पंखा आणि कानशीऐवजी घासण्याचे यंत्र आले आहे. पाणी देण्यासाठी मात्र बहुतेक ठिकाणी किटलीच वापरतात.