संत हिल्डा आणि तिचा गुराखी कवि

आपल्या जोगेश्वरीचीं लेणीं सहाव्या शतकांत खोदलीं गेलीं, असें जाणते लोक सांगतात. तेथील छिन्नीचा आवाज थांबून फार काळ लोटला नव्हता, तोंच इकडून हजारों कोस दूर, इंग्लंडांत, इ. स. ६१४ च्या सुमारास संत हिल्डा जन्मास आली. त्या काळीं इंग्लंड हें एक राज्य नव्हतें. आपसांत झुंजणारीं लहानमोठीं राज्यें होतीं, आणि त्यांपैकीं बहुतेकांच्या राजांस प्रभु ख्रिस्ताचें नांवही ठाऊक नव्हतें. उत्तरेकडील नॉर्थम्ब्रियाचा राजा एडविन याच्या पुतण्याची ही मुलगी. तिचा पिता परमुलखांत आश्रयास असतां विषप्रयोगानें मारला गेला. तिच्या आईस स्वप्न पडलें कीं, हरवलेल्या पतीस आपण शोधीत आहों, तो कोठेंच सांपडत नाहीं. मात्र आपल्याच वस्त्राखालीं एक मोलाचा हार सांपडतो आणि त्याच्या तेजानें सारें ब्रिटन उजळून निघतें.

ही हकीकत बीड नांवाच्या विद्वान संन्याशानें इ. स. ७३१ मध्यें पुरा केलेल्या आपल्या इतिहासांत दिली आहे. हिल्डा वारली तेव्हां बीड सातआठ वर्षांचा होता. तेव्हां त्याचा ग्रंथ वाचतांना तिला पाहिलेल्या माणसांच्या तोंडची भाषा आपण ऐकतों, असें वाटल्यावांचून राहत नाहीं.

इ. स. ६२७ च्या पास्काच्या सणास यॉर्क शहरीं घाईनें उभारलेल्या लांकडी देवळांत एडविन राजाचा बाप्तिस्मा झाला. धर्मगुरु पॉलिनस याच्याकडून हिल्डेसही तेव्हांच दीक्षा मिळाली. तेहतीस वर्षांची झाल्यावर तिनें राजघराण्याचा त्याग केला. तिची बहीण हेरेस्विथ फ्रान्सांतील शेल येथील मठांत होती. आपणही तिकडेच जावें, असा हिल्डेचा बेत होता. परंतु आयर्लंडकडील परंपरेंत वाढलेले पुण्यशील बिशप एडन यांनीं तिला परत बोलाविलें आणि वेअर नदीच्या काठीं एका कुटुंबाच्या निर्वाहापुरती जमीन दिली. राजकुळांतील स्त्रीला इतकेंच! तेथें ती वर्षभर राहिली. नंतर हार्टलपूल येथील मठाची प्रमुख झाली, आणि इ. स. ६५७ मध्यें समुद्रकांठच्या उंच कड्यावर तिनें व्हिट्बीचा मठ स्थापिला.

हा मठ कसा होता हें नीट पाहण्याजोगें आहे. स्त्रिया व पुरुष यांचीं निवासस्थानें वेगळीं, पण नियम एक आणि सर्वांवर अधिकार एका स्त्रीचा. ‘हें माझें’ असें म्हणण्यासारखें कोणापाशीं कांहीं नव्हतें. गरीब कोणी नाहीं, श्रीमंतही कोणी नाहीं. पवित्र शास्त्राच्या अभ्यासावर तिचा इतका कटाक्ष असे कीं, तेथें शिकलेले पांच पुरुष पुढें बिशप झाले. राजे तिच्या सल्ल्यास येत. राजा ऑस्वियू यानें तर ६५५ च्या युद्धांत जय मिळाल्याबद्दल जेमतेम वर्षाची आपली कन्या एल्फ्लेड देवास वाहिली, आणि ती हिल्डेच्याच हातीं सोंपविली. लहानथोर सारे तिला आई म्हणत.

याच मठांत ६६४ मध्यें एक मोठी धर्मसभा भरली. तंटा होता पास्काच्या तारखेचा. आज हा प्रश्न किरकोळ वाटेल, पण राजवाड्यांत काय होई तें पाहा. राजा आयरिश संन्याशांच्या चालीचा. राणी एन्फ्लेड केंटकडची, रोमच्या गणनेनें चालणारी. राजा पास्काची मेजवानी करी तेव्हां राणीचा झावळ्यांचा रविवार असे आणि तिचा उपास सुटलेला नसे. सभेंत बिशप कोल्मान आयरिश पक्षाकडून बोलले, विल्फ्रिड रोमच्या पक्षाकडून. शेवटीं राजानें विचारलें, “स्वर्गाच्या किल्ल्या प्रभूनें पेत्रासच दिल्या ना?” दोघांनींही होय म्हटलें. मग, द्वाराच्या रखवालदाराशीं आपण वैर धरणार नाहीं, असा राजानें निकाल दिला.

हिल्डा हरलेल्या पक्षाची होती. ज्या एडननें तिला हाताशीं धरलें त्याचीच ती परंपरा. आणि ती मोडली गेली ती तिच्याच छपराखालीं. कोल्मान आपल्या अनुयायांसह देश सोडून गेले. हिल्डा राहिली, आणि तिच्या मठानें रोमची तारीख मान्य केली. विल्फ्रिडविषयीं मात्र तिचें मन निवळलें नाहीं. पुढें पोपसाहेबांपुढें त्याच्याविरुद्ध गाऱ्हाणें नेणाऱ्यांत तिचेही दूत होते. संतांनाही आपापलीं मतें असतात!

परंतु हिल्डेचें मोठेपण पाहावयाचें तर सभागृह सोडून गोठ्यांत गेलें पाहिजे. आपल्याकडे लग्नाच्या आदल्या रात्रीं घुमट वाजूं लागलें कीं, ‘आतां तूं म्हण’ असा आग्रह सुरू होतो, आणि एखादा लाजाळू गडी मागल्या दारानें हळूच निसटतो. केडमन हा त्यांतलाच. मेजवानींत वीणा हातोहात फिरूं लागली आणि आपल्याकडे येतांना दिसली कीं तो उठून जाई. वय झालें तरी त्याला एक गाणें येत नव्हतें. एके रात्रीं असाच उठून तो गुरांच्या राखणीस गेला व तेथेंच झोंपला. स्वप्नांत कोणी त्याला नांवानें हांक मारून गाण्यास सांगितलें. “मला येत नाहीं.” “तरी गा.” “काय गाऊं?” “सृष्टीचा आरंभ गा.” आणि त्यानें गाइलें.

सकाळीं त्यानें आपल्या मुकादमास सांगितलें. मुकादमानें त्यास मठमातेपुढें नेलें. येथें कोणीही म्हणूं शकलें असतें, ‘गुराख्याला शास्त्राशीं काय करावयाचें?’ हिल्डेनें विद्वानांना जमविलें, त्याचें स्वप्न व त्याचें गाणें ऐकविलें, आणि पारखण्यासाठीं पवित्र शास्त्रांतील आणखी एक भाग त्याला समजावून देवविला. दुसऱ्या दिवशीं तो उत्तम पद्यांत बांधून घेऊन आला. तेव्हां तिनें त्याला मठांत बंधु म्हणून घेतलें आणि शास्त्रांतील सारा इतिहास त्यास शिकविण्याची आज्ञा केली. त्याला वाचतां येत नव्हतें. ऐकलेलें तो गाईप्रमाणें रवंथ करी, असें बीड म्हणतो. आणि मग त्याचे गुरुच त्याचे श्रोते होऊन बसत. उत्पत्तीपासून प्रभूच्या पुनरुत्थानापर्यंत सारें त्यानें लॅटिनमध्यें नव्हे, तर शेतकऱ्याकोळ्यांच्या बोलींत गाइलें. त्यांतील अवघ्या नऊ ओळी आज निश्चितपणें त्याच्या म्हणून शिल्लक आहेत. इंग्रजी भाषेंतील नांव ठाऊक असलेला पहिला कवि तोच.

आपणां मराठी कॅथलिकांस ही गोष्ट परकी वाटूं नये. सुमारें नऊशें वर्षांनीं त्याच इंग्लंडांतून फादर थॉमस स्टीफन्स गोव्यास आले, तें साल १५७९. त्यांच्या जन्माआधीं सुमारें दहा वर्षें, १५३९ मध्यें, आठव्या हेन्रीच्या राज्यांत व्हिट्बीचा मठ बंद पाडण्यांत आला होता. (हिल्डेचा मूळ मठ डेन लोकांच्या स्वाऱ्यांत नवव्या शतकांतच उद्ध्वस्त झाला होता, हा मागाहून पुन्हां स्थापिलेला.) त्या देशांत ज्या धर्मास थारा उरला नव्हता, त्याच धर्माची कथा स्टीफन्स यांनीं आपल्या ओवींत बांधली. त्यांचें ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्यें गोव्यांत छापलें गेलें. त्या पहिल्या छपाईची एकही प्रत आज हातीं नाहीं. लोकांनीं हातानें उतरून घेतलें आणि देवळांतून गाइलें, म्हणून तें टिकलें. केडमनचें बरेचसें गेलें, आपलें राहिलें.

हिल्डेस अखेरचीं सहा वर्षें तापानें सोडलें नाहीं. तरीही तिनें शिकवणें थांबविलें नाहीं. ६८० च्या नोव्हेंबरच्या १७ तारखेस, पहांटे, आपल्या लोकांस एकमेकांशीं शांतीनें राहण्यास सांगून तिनें देह ठेवला. तेथून सुमारें तेरा मैलांवर हॅकनेस येथें तिनें त्याच वर्षीं एक धाकटा मठ स्थापिला होता. तेथें बेगू नांवाची भगिनी झोंपली होती. कोणी वारल्यावर प्रार्थनेस उठविण्यासाठीं वाजते ती घंटा तिला ऐकूं आली; डोळे उघडते तों छपर नाहींसें होऊन सारें प्रकाशानें भरलेलें, आणि त्या प्रकाशांतून हिल्डेचा आत्मा वर जात असलेला तिनें पाहिला. ती धांवत प्रमुख भगिनीकडे गेली. सर्वांस उठविण्यांत आलें, आणि उजाडेपर्यंत देवळांत स्तोत्रें चाललीं. सकाळीं व्हिट्बीहून बंधु निरोप घेऊन आले. आम्हांस ठाऊक आहे, असें भगिनींनीं सांगितलें.