झुकायचं राहून गेलं

परवा झोप येईना म्हणून 'हँग-ऑन' खेळत बसलो. सेगाचा १९८५ सालचा मोटरसायकल शर्यतीचा गेम. 'शेनमू'च्या २०१८ च्या आवृत्तीत, कथेतल्या गेम पार्लरमध्ये, तो अजून खेळता येतो.

यू सुझुकी यांच्या या गेमचं गाजलेलं यंत्र म्हणजे चक्क एक मोटरसायकलच होती. तिच्यावर मांड ठोकायची आणि वळण आलं की अंगासकट ती कलती करायची. पडद्यावर त्रिमिती वगैरे काही नाही. सपाट चित्रंच भराभर मोठी होत अंगावर येतात. तरी वेग जाणवायचा, कारण अर्धं काम खेळणाऱ्याचं शरीर करायचं.

माझ्यापुढे नुसता कीबोर्ड. चित्रं तीच, घड्याळ तसंच उलटं पळणारं. तरी पाच मिनिटांत कंटाळलो. एवढ्यासाठी लोक नाणी ओतत होते?

आणि मग एका वळणावर लक्षात आलं, मी खुर्चीतच डावीकडे झुकलो होतो! हसू आलं, आणि थोडं वाईटही वाटलं. जुना गेम जपला असं आपण म्हणतो, पण जपला जातो तो प्रोग्राम. झुकणं त्या यंत्रात होतं. ती यंत्रं गंजली की तेही गेलं.

असो. तेवढ्यात वेळ संपली होती.