दिवाणी अपिलातील प्रक्रियाभंगाचे परिणाम

दिवाणी अपिलातील प्रक्रियाभंग म्हणजे दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याविरुद्ध अपील दाखल करताना किंवा चालवताना कायद्याने घालून दिलेल्या मुदती व नियम न पाळणे. भारतात हे नियम मुख्यतः दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ आणि मुदत अधिनियम, १९६३ यांत आहेत. काही दोष दुरुस्त करता येतात. काहींमुळे मात्र वादाच्या गुणदोषांचा विचार न होताच अपील संपुष्टात येते.

न्यायालये व मुदत

नांदेड व लातूर जिल्ह्यांत कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या हुकूमनाम्याविरुद्धचे पहिले अपील जिल्हा न्यायालयात ३० दिवसांत करावे लागते. दुसरे अपील मुंबई उच्च न्यायालयाच्या, १९८१ साली सुरू झालेल्या औरंगाबाद खंडपीठाकडे ९० दिवसांत करता येते. ते केवळ महत्त्वाच्या कायदेविषयक प्रश्नावर चालते. निकालाची प्रमाणित प्रत मिळण्यास लागलेला आवश्यक काळ मुदतीत धरला जात नाही.

विलंब व सदोष अपील

मुदत उलटल्यास अपिलासोबत विलंबमाफीचा अर्ज देऊन पुरेसे कारण दाखवावे लागते. अर्ज नामंजूर झाल्यास अपीलही टिकत नाही. विलंब किती दिवसांचा आहे यापेक्षा त्याचे स्पष्टीकरण पटण्याजोगे आहे की नाही हे महत्त्वाचे, असे सर्वोच्च न्यायालयाने एन. बालकृष्णन प्रकरणात (१९९८) म्हटले. अपिलाचे ज्ञापन विहित नमुन्यात नसेल, तर न्यायालय ते नाकारू शकते किंवा दुरुस्तीसाठी परत करू शकते. न्यायालयीन शुल्क कमी पडल्यास ते नंतर भरण्याची परवानगी देण्याचा अधिकारही न्यायालयाला आहे.

गैरहजेरी

सुनावणीस अपीलकर्ता हजर नसल्यास अपील फेटाळता येते. परंतु त्याच्या गैरहजेरीत गुणदोषांवर निर्णय देऊन ते फेटाळता येत नाही (आदेश ४१, नियम १७). अब्दुर रहमान प्रकरणात (१९९६) सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केले. फेटाळल्यापासून ३० दिवसांत पुरेसे कारण दाखवून अपील पुन्हा दाखल करून घेण्याची मागणी करता येते (नियम १९).

पक्षकाराचा मृत्यू

अपील प्रलंबित असताना पक्षकार मरण पावल्यास आणि वाद त्याच्या वारसांविरुद्ध किंवा वारसांना पुढे चालवण्याजोगा असल्यास, ९० दिवसांत वारसांची नावे नोंदवावी लागतात. अन्यथा त्या पक्षकारापुरते अपील 'अबेट' होते, म्हणजे आपोआप संपते. हे रद्द करून घेण्यासाठी पुढे ६० दिवसांची मुदत असते आणि पुरेशा कारणास्तव त्यानंतरचा विलंबही माफ होऊ शकतो.

सामाईक शेतजमिनीच्या वादात हा दोष विशेष घातक ठरतो. पंजाब राज्य विरुद्ध नथ्थू राम (१९६२) या प्रकरणात दोघा भावांना संपादित जमिनीचा संयुक्त मोबदला मंजूर झाला होता. शासनाच्या अपिलादरम्यान एका भावाचा मृत्यू झाला व त्याचे वारस मुदतीत नोंदवले गेले नाहीत. मोबदल्याचा निर्णय अविभाज्य असल्याने हयात भावाविरुद्धचे अपीलही संपले.

स्थगिती

केवळ अपील दाखल केल्याने हुकूमनाम्याची अंमलबजावणी थांबत नाही (आदेश ४१, नियम ५). स्थगितीचा स्वतंत्र आदेश न मिळवल्यास अपील प्रलंबित असतानाही जमिनीचा ताबा जाऊ शकतो.